दूध साठवून वाढत नाही

बाळंतपणाची रजा संपत आली की घरातून, शेजारातून आणि आता मोबाइलवरूनही एक सल्ला हमखास मिळतो: दिवसा बाळाला वरचे दूध द्यायला लाग, म्हणजे तुझे दूध साठून राहील आणि संध्याकाळी घरी आल्यावर बाळाला पोटभर मिळेल. सल्ला प्रेमाने दिलेला असतो आणि वरवर पाहता तर्कशुद्धही वाटतो. मात्र तो शरीरशास्त्राच्या नेमका उलट आहे, आणि कामावर परतणाऱ्या अनेक आयांचे दूध दोन-तीन आठवड्यांत कमी होते त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असते.

हा प्रश्न इतक्या जणींना का पडतो, हे रजेच्या हिशेबावरून कळते. १९६१च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. त्यांपैकी जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. ज्या बाईने ते घेतले, तिच्या हाती प्रसूतीनंतर १८ आठवडे उरतात, म्हणजे ती कामावर जाते तेव्हा बाळ जेमतेम चार महिन्यांचे असते. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मात्र पहिले सहा महिने केवळ आईच्या दुधाची आहे. मधले दोन महिने कसे निभवायचे याचे उत्तर रजेच्या तरतुदीत नाही. ते दुग्धग्रंथीचे काम कसे चालते हे समजून घेतले तर बरेचसे सापडते.

गरोदरपणाच्या उत्तरार्धातच स्तनांतील पेशी दूध बनवण्यास सज्ज झालेल्या असतात, पण वारेतून स्रवणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक त्यांना रोखून धरते. प्रसूतीनंतर वार पडते, रक्तातील प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरते आणि दोन ते चार दिवसांत दूध भरून येते. त्याआधीचा पिवळसर चीक प्रमाणाने थोडा असला तरी रोगप्रतिकारक प्रथिनांनी समृद्ध असतो. तो ‘जड असतो’ म्हणून पिळून टाकण्याची प्रथा आजही काही घरांत टिकून आहे, आणि बाळाला मिळणारे पहिले संरक्षण त्या प्रथेपायी मोरीत जाते. या सुरुवातीच्या काळात सूत्रे संप्रेरकांच्या हाती असतात. बाळ चोखू लागले की मेंदूतील डोपामिन या रसायनाचा लगाम सैल होतो आणि पियुषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन हे दूध बनवायला लावणारे संप्रेरक स्रवते. शालेय पुस्तकांत गोष्ट साधारण इथेच संपते. प्रोलॅक्टिन म्हणजे दूध, एवढे लक्षात ठेवून आपण पुढे जातो.

खरी गंमत त्यानंतर सुरू होते. प्रोलॅक्टिन रक्तातून जाते आणि रक्त दोन्ही स्तनांना सारखेच मिळते. दुधाचे प्रमाण केवळ प्रोलॅक्टिनने ठरत असते, तर दोन्ही बाजूंना सारखेच दूध यायला हवे होते. प्रत्यक्षात बहुतेक आयांच्या दोन बाजूंत फरक असतो, आणि बाळाने एकच बाजू धरली तर दुसरीचे दूध आटते, पहिलीचे आटत नाही. याचा अर्थ असा की, एकदा दूध नीट येऊ लागले की किती बनवायचे याचा निर्णय मेंदूत न होता त्या त्या ग्रंथीत, जागेवरच होतो.

या अंतर्गत नियंत्रणाचा छडा लागला तो शेळ्यांमुळे. शेळीच्या कासेचे दोन स्वतंत्र भाग असतात, त्यामुळे एका भागावर प्रयोग करायचा आणि दुसरा तुलनेसाठी तसाच ठेवायचा, अशी सोय निसर्गानेच करून ठेवली आहे. एका बाजूची धार दिवसातून दोनऐवजी तीन वेळा काढली, तर त्याच बाजूचे दूध वाढते. दुसरी बाजू होती तशीच राहते. आता प्रश्न असा की, ग्रंथीला ती रिकामी झाल्याचे कळते कसे? पहिला अंदाज दाबाचा होता. गच्चीवरच्या टाकीत पाणी वर आले की तरंगणारा गोळा उचलला जाऊन नळ बंद होतो, तसे दूध भरले की पेशींवर ताण पडून निर्मिती मंदावत असावी. १९८०च्या दशकात स्कॉटलंडमधील हॅना संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी हा अंदाज फार सुंदर युक्तीने तपासला. त्यांनी शेळीच्या एका बाजूची जादा धार काढली, पण काढलेल्या दुधाच्या जागी लगेच तेवढेच साखरेचे निरुपद्रवी द्रावण भरले. कास पूर्वीइतकीच भरलेली, दाबही तेवढाच. आतले दूध मात्र गेलेले. तरीही दूधनिर्मिती वाढली. म्हणजे केवळ भरल्याच्या जाणिवेने नळ बंद होत नव्हता, तर दुधातच असा काही घटक होता जो स्वतःच्या निर्मितीला आळा घालत होता.

या संशोधकांनी दुधाच्या निवळीतील एका लहान प्रथिनाकडे बोट दाखवले, पण तो नेमका रेणू ठामपणे कधीच हाती लागला नाही. पुढे २००४ साली अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठाच्या गटाने वेगळाच उमेदवार पुढे आणला: सेरोटोनिन. मनःस्थितीशी जोडले गेल्यामुळे हे नाव वाचकांच्या परिचयाचे असेल, परंतु हाच रेणू दुग्धग्रंथीच्या पेशीही ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून बनवतात. दूध साचत जाते तसे कूपिकांमधील, म्हणजे दूध बनवणाऱ्या सूक्ष्म पिशव्यांमधील, सेरोटोनिन वाढते, ते पेशींवरील ग्राहींना (संदेश टिपणाऱ्या प्रथिनांना) चिकटते आणि केसीनसारख्या दुग्धप्रथिनांच्या जनुकांचे काम मंदावते. दूध आणखी रेंगाळले, तर शेजारशेजारच्या पेशींना घट्ट सांधणारे बंध सैल होऊ लागतात. शेळ्यांमध्ये दूध काढणे सुमारे २० तास थांबवले की हे बंध गळू लागतात. रक्तातील सोडियम दुधात आणि दुधातील लॅक्टोज रक्तात झिरपते. लॅक्टोज हीच पाणी ओढून दुधाचे आकारमान वाढवणारी शर्करा असल्यामुळे ती निसटली की दूधही घटते. उंदरांवरील प्रयोगांत तर एकाच मादीची काही स्तनाग्रे बंद केल्यावर फक्त त्याच ग्रंथींतील पेशी मरू लागल्या. तिच्या अंगातील प्रोलॅक्टिन तसेच होते आणि बाकीच्या ग्रंथी व्यवस्थित दूध देत होत्या. पहिल्या सुमारे ४८ तासांत पिल्ले पुन्हा पिऊ लागली तर हे सर्व उलटवता येते, त्यानंतर मात्र ग्रंथीची मोडतोड सुरू होते. ऑफिसातील नऊ तासांनी माणसाच्या आईत एवढे काही घडत नाही. पण रोज तोच संदेश मिळत राहिला, तर ग्रंथी त्याप्रमाणे आपले उत्पादन कमी ठरवते.

माणसांमधील मोजमापांचे श्रेय मुख्यतः पश्चिम ऑस्ट्रेलिया विद्यापीठातील पीटर हार्टमन यांच्या गटाला जाते. प्रत्येक वेळी पाजण्याआधी आणि नंतर बाळाचे वजन करून त्यांनी असे दाखवले की, एक ते सहा महिने वयाची, केवळ अंगावर पिणारी बाळे २४ तासांत सरासरी ७८८ ग्रॅम दूध पितात. बाळागणिक हा आकडा ४७८पासून १३५६पर्यंत बदलतो. विशेष हे की, पहिल्या महिन्यानंतर ही गरज फारशी वाढत नाही. तेव्हा ‘बाळ चार महिन्यांचे झाले, आता त्याला अंगावरचे पुरत नाही’ हे वाक्य आकड्यांवर टिकत नाही. दुसरे असे की, बाळ स्तन पूर्ण रिकामा करत नाही. उपलब्ध दुधापैकी सरासरी दोन-तृतीयांश दूध पिऊन ते थांबते.

या गटाने मोजलेली आणखी एक गोष्ट नोकरदार आईच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे, ती म्हणजे साठवणक्षमता. दोन पाजण्यांच्या मध्ये स्तनात किती दूध मावते, हे बाईगणिक कित्येक पटींनी वेगळे असते. क्षमता मोठी असेल तर पाच-सहा तासांनंतरही ग्रंथीला ‘भरले’ असा संदेश जात नाही. लहान असेल तर तीन तासांतच जातो. दोघींचे २४ तासांचे एकूण दूध सारखे असू शकते, फक्त दुसरीला ते अधिक हप्त्यांनी काढावे लागते. म्हणूनच ‘माझ्या मैत्रिणीने ऑफिसात एकदाच पंप केले आणि तिला काही झाले नाही’ या अनुभवावरून दुसरीने नियम बांधू नये. डोंबिवलीहून मुंबईत नोकरीला जाणारी आई घर सोडल्यापासून परत येईपर्यंत ११ तास बाहेर असते असे धरले, तर सरासरीच्या हिशेबाने बाळाला त्या वेळात साधारण ३६० मिलिलिटर दूध लागेल. तेवढेच दूध तेवढ्याच वेळात, दोन किंवा तीन वेळा बसून काढले, तर ग्रंथीच्या दृष्टीने बाळ कुठे गेलेच नाही.

आता बसून काढायचे म्हटले की दुसरे संप्रेरक आडवे येते. बनलेले दूध आपोआप बाहेर वाहत नाही. कूपिकांभोवतीच्या स्नायूसदृश पेशी आकुंचन पावल्या तरच पान्हा फुटतो, आणि त्यांना आज्ञा देते ते ऑक्सिटोसिन. १९४८ साली मायकेल आणि नाइल्स न्यूटन या अमेरिकी संशोधक दांपत्याने याची परीक्षा घेतली, तीही घरच्या घरी: प्रयोगातील आई स्वतः नाइल्स होत्या. पाजताना त्यांचे पाय बर्फाच्या पाण्यात बुडवणे, पायांची बोटे ओढणे, गणिती प्रश्नांचा भडिमार करणे, असे नाना अडथळे आणले गेले. निवांत पाजताना बाळाला सरासरी १६८ ग्रॅम दूध मिळत होते, ते अडथळ्यांच्या दिवशी ९९ ग्रॅमवर आले. अडथळे तसेच ठेवून ऑक्सिटोसिन टोचले, तेव्हा पुन्हा १५३ ग्रॅम मिळाले. दूध आटलेले नव्हते, ते फक्त अडकून होते. ऑफिसच्या स्वच्छतागृहात, कडी नसलेल्या दाराकडे एक डोळा ठेवून आणि दहा मिनिटांनी मीटिंग आहे हे मनात धरून पंप लावणाऱ्या बाईची अवस्था या प्रयोगापेक्षा फार वेगळी नसते. येथे दोन्ही यंत्रणा एकमेकींत गुंततात: ताणामुळे पान्हा नीट फुटत नाही, न निघालेले दूध आतच राहते आणि तेच उद्याचे दूध कमी करते. उलट बाळाच्या नुसत्या रडण्यानेही ऑक्सिटोसिन स्रवू शकते, म्हणून पंप लावताना बाळाचा फोटो किंवा त्याच्या आवाजाचे रेकॉर्डिंग जवळ ठेवण्याच्या सल्ल्याला शास्त्रीय आधार आहे.

दूध कमी झाले की पहिला संशय दृष्टीवर जातो. ‘चारचौघांत काढलेस, कुणाची तरी लागली’ असे म्हणून मीठ-मोहरी ओवाळली जाते. त्यात बाळाचे नुकसान नाही. नुकसान आहे ते त्या धास्तीने आईने दूध काढणेच बंद करण्यात. दुसरा संशय आहारावर. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० किलोकॅलरी जादा लागतात, आणि डिंकाचे किंवा आळिवाचे लाडू त्या दृष्टीने उत्तमच आहेत. मात्र पौष्टिक खाणे वेगळे आणि दूध वाढवणारे औषध वेगळे. शतावरी, मेथी यांच्या दुग्धवर्धक परिणामाचा पुरावा आजवर अगदी तोकडा आहे, आणि त्याच वनस्पती आकर्षक डब्यांत भरून, ‘वर्किंग मॉम’साठी म्हणून चढ्या भावाने विकणाऱ्या कंपन्यांनी त्यात काही भर घातलेली नाही. दूध न काढता नुसतेच लाडू खाल्ले, तर वाढेल ते आईचे वजन.

काढलेल्या दुधाचे काय करायचे, हे थोडक्यात. २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात ते ४ तास चांगले राहते, पण मे महिन्यातल्या नागपूरला किंवा जळगावला खोलीचे तापमान २५ अंश नसते. तिथे ते काढल्याबरोबर फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या पिशव्या घातलेल्या डब्यात गेले पाहिजे. फ्रिजच्या आतल्या भागात ते ४ दिवस टिकते, दारातल्या कप्प्यात ठेवू नये. ते गॅसवर उकळू नये. बाटली किंवा वाटी गरम पाण्यात धरून कोमट करावे आणि बाळाने उष्टे केलेले दूध २ तासांनंतर टाकून द्यावे. वर साय जमलेली दिसली तर दूध नासले असे समजू नये, हलक्या हाताने ढवळले की ती मिसळते. पाजण्यासाठी वाटी-चमचा पुरेसा असतो.

कायद्यातील तरतुदी या शरीरशास्त्राच्या कसोटीवर तपासून पाहण्यासारख्या आहेत. मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत आईला नेहमीच्या विश्रांतीखेरीज पाजण्यासाठी दोन सुट्या देण्याची तरतूद १९६१च्या कायद्यातच होती. २०१७च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक केले आणि आईला तिथे दिवसातून चार फेऱ्यांची मुभा दिली. चार फेऱ्या म्हणजे साधारण दर दोन-अडीच तासांनी एक, आणि लहान साठवणक्षमतेच्या आईलाही एवढ्या पुरतात. अडचण अशी की, धुण्याभांड्यांची कामे करणारी बाई, ऊसतोडीला गेलेली बाई किंवा दहा माणसांच्या दुकानात उभी राहणारी बाई पाळणाघराच्या तरतुदीच्या कक्षेत येतच नाही. तिच्याकडे पंप नसतो आणि फ्रिजही नसतो. मात्र हाताने दूध काढण्याला यंत्र लागत नाही. स्तनाग्राभोवतीच्या काळ्या भागाच्या कडेला अंगठा व बोटे ठेवून, आधी छातीकडे दाबून मग बोटे जवळ आणण्याची ही पद्धत प्रसूतीनंतर परिचारिकेने पाच मिनिटांत शिकवता येते. दुपारी हाताने काढलेले दूध टिकवण्याची सोय नसेल आणि ते टाकून द्यावे लागले, तरी ग्रंथीला त्याचा फरक पडत नाही. दूध निघाले एवढेच तिला कळते, आणि रात्री बाळ अंगावर घेतले जाते तेव्हा ते तिथे असते.