मुलींचा गुडघा, मुलांची घाई

सहावीच्या वर्गात पंजा लढवला तर मुलगी जिंकण्याची शक्यता चांगलीच असते. दहावीत निकाल बहुधा उलटा लागतो. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षी सर्वांत झपाट्याने वाढते, मुलांची चौदाव्या. त्या सुमारास मुलांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक कैक पटींनी वाढतं, स्नायू भरतात, खांदे रुंदावतात. म्हणून मोठेपणी स्त्री-पुरुषांतला फरक पायांपेक्षा दंड-खांद्यांच्या ताकदीत जास्त दिसतो.

यावरून मुलींना नुसतं पळवायचं आणि वजनं मुलांच्या हाती द्यायची, असा उद्योग अनेक मैदानांवर चालतो. तो चूक आहे. नियमित व्यायामाने होणारी वाढ टक्केवारीत मोजली, तर दोघांत फारसा फरक पडत नाही. 20 किलोवरून 25 वर गेलेली मुलगी आणि 40 वरून 50 वर गेलेला मुलगा, दोघांचीही प्रगती सारखीच.

उलट ताकदीची गरज मुलींना अधिक, असं मी म्हणेन. कारण गुडघा. कबड्डी, खो-खो, बास्केटबॉल, फुटबॉल अशा झटक्यात वळायच्या आणि उड्या मारायच्या खेळांत गुडघ्यातला एसीएल नावाचा अस्थिबंध (हाडांना जोडून ठेवणारा चिवट पट्टा) फाटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांच्या काही पटींनी जास्त आहे. वयात येताना हाडं लांबतात, वजन वाढतं, पण त्यांना आवरणारी ताकद मुलांइतक्या वेगाने येत नाही. फूटभर उंचीच्या स्टुलावरून मुलीला उडी मारायला सांगा आणि समोर उभं राहून बघा. जमिनीवर पाय टेकताच गुडघे एकमेकांकडे झुकले, तर काम कुठे करायचं ते कळलं. आधी गुडघे वाकवून, ते पंज्यांच्या रेषेत ठेवून, आवाज न करता उतरणं शिकवायचं. मग बैठका, एका पायावरच्या बैठका. शिवाय गुडघ्यांवर बसून, जोडीदाराने घोटे धरले असताना, पाठ ताठ ठेवून सावकाश पुढे झुकायचं. मांडीचे मागचे स्नायू असे लवकर तयार होतात. अशा सरावाने या दुखापती खरोखर कमी होतात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

मुलांची अडचण वेगळी आहे. चौदा वर्षांच्या दोन मुलांपैकी एकाला मिसरूड फुटलेलं असतं, दुसरा अजून पोरच असतो. ताकद उंचीच्या मागून, काही महिन्यांनी येते. शेजाऱ्याचं बघून वजन वाढवणारा उशिरा वयात येणारा मुलगा पाठ दुखवून घेतो. (वजनं उचलून उंची खुंटते, हा मात्र जुना गैरसमज. जाणकाराच्या देखरेखीखाली तसं होत नाही.)

आणि ताट. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 19 वयाच्या सुमारे 59 टक्के मुली रक्तक्षयी आढळल्या, मुलं 31 टक्के. दम लागतो, वजन वाढत नाही, म्हणून मुलीला आळशी ठरवण्याआधी हिमोग्लोबिन तपासावं. पाळी काही महिने आली नाही, तर सराव जोरात चाललाय म्हणून सोडून देऊ नये. ती पोटाला कमी पडत असल्याची खूण असू शकते, डॉक्टरांना दाखवावं.