बीपीटीएचचा फॉर्म भरताय? कागदपत्रांच्या फाईलबरोबर कॉलेजची स्टाफ लिस्टपण काढून ठेवा

नीटचा रिझल्ट लागला की आमच्याकडे फोन सुरू होतात. मी स्वतः फिजिओ, एका प्रायव्हेट कॉलेजातून बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीची डिग्री केलेली, त्यामुळे कुणाच्या पुतण्याला, कुणाच्या मुलीला फिजिओला जायचं असलं की प्रश्न एकच, ताई कॉलेज कुठलं टाकू? आणि मी उलट विचारते की तिथं न्यूरो, म्हणजे मेंदू-नसांची फिजिओथेरपी, कोण शिकवतं ते बघितलंस का? बहुतेकांनी फी बघितलेली असते, हॉस्टेल बघितलेलं असतं, स्टेशनपासून किती लांब तेही बघितलेलं असतं, पण शिकवणारी माणसं कोण हे कुणी बघत नाही. यावर्षी माझ्या भाचीचाच फॉर्म आहे म्हणून म्हटलं सगळं एकदा नीट लिहूनच काढावं, पात्रता, कागदपत्रं आणि स्टाफ लिस्ट कशी वाचायची ते, म्हणजे पुढच्या फोनला हेच पाठवता येईल.

आधी पात्रता, ती सोपी आहे. राज्यातली बरीचशी फिजिओथेरपी कॉलेजं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत, सगळे एमयूएचएसच म्हणतात. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्लिश हवंच, पीसीबी मिळून ओपनला ५० टक्के आणि रिझर्व्ह कॅटेगरीला ४० टक्के, आणि ज्या वर्षी प्रवेश घेताय त्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षं पूर्ण. मेरिट लागतं ते नीटच्या मार्कांवर. एमएचटी-सीईटीचा पीसीबी ग्रुप दिला म्हणजे फिजिओचं काम झालं असं अजून कितीतरी घरांत समजतात, तसं नाहीये, तो स्कोअर इथं चालत नाही, नीट दिलेलीच पाहिजे. राज्याच्या कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली हवी आणि वर डोमिसाइल. केंद्र सरकारच्या किंवा सैन्यातल्या नोकरीमुळे बदल्या झालेल्यांच्या मुलांना आणि सीमाभागातल्या मराठी मुलांना यात वेगळे नियम आहेत, त्यात तुम्ही बसत असाल तर माहितीपुस्तिकेतला तो भाग दोनदा वाचा कारण त्यांचे कागद वेगळे लागतात.

अर्ज सीईटी सेलच्या, म्हणजे राज्याचे हे प्रवेश बघणाऱ्या ऑफिसच्या साइटवर. रजिस्ट्रेशन, कागदपत्रं अपलोड, मग मेरिट लिस्ट, मग प्रेफरन्स फॉर्म म्हणजे कॉलेजांची आपल्या पसंतीची यादी, मग कॅप राउंड, म्हणजे मेरिट आणि पसंतीनुसार कॉलेज वाटायची फेरी. एमबीबीएस-बीडीएसचं आधी सुरू होतं, फिजिओचा नंबर नंतर येतो, त्यामुळे मधे बराच काळ काहीच हलत नाहीये असं वाटतं आणि लोक साइट बघायची सोडून देतात, तसं करू नका, नोटीस येते आणि तीन-चार दिवसांत सगळं उरकायचं असतं. राउंडमध्ये कॉलेज लागलं की ओरिजिनल कागद आणि फी घेऊन दिलेल्या तारखेच्या आत तिथं हजर व्हायचं, आणि लागलेलंच कॉलेज कायम ठेवायचं असेल, पुढच्या राउंडला जायचं नसेल, तर स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरायचा. तो भरला की पुढचं कॉलेज मिळत नाही, म्हणून घाईत सही करू नका. डीम्ड विद्यापीठांचं, म्हणजे कराडचं कृष्णा, लोणीचं प्रवरा वगैरे, त्यांचं प्रवेशाचं स्वतःचं वेगळं असतं, तिथं वेगळा अर्ज करावा लागतो.

आता कागद. नीटचं ॲडमिट कार्ड आणि मार्कशीट, दहावी-बारावीच्या मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, राष्ट्रीयत्व आणि डोमिसाइल (दोन्ही सेतूतून किंवा आपले सरकारवरून निघतात), आधार, आणि मेडिकल फिटनेस, तोही पुस्तिकेत दिलेल्या नमुन्यातच, डॉक्टरांच्या लेटरहेडवर मनाने लिहून आणलेला नको. मधे वर्ष गॅप पडलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. कॅटेगरीवाल्यांसाठी जातीचा दाखला, आणि जात पडताळणी समितीचं व्हॅलिडिटी सर्टिफिकेट, आणि इथंच दरवर्षी सगळ्यात जास्त रडारड होते. जातीचा दाखला आहे ना मग झालं असं समजून लोक निवांत राहतात आणि व्हॅलिडिटीला वेळ लागतो, अकरावीतच टाकून ठेवायची गोष्ट आहे ती, बारावीच्या सुट्टीत धावाधाव करून वेळेत हातात आली नाही तर मुलगा ओपनमध्ये धरला जातो आणि आईवडील तहसील ते समिती असे फेऱ्या मारत बसतात, मी हे जवळून बघितलंय. ओबीसी, एसईबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी यांना वर नॉन-क्रीमीलेअर, ते चालू शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत व्हॅलिड असलं पाहिजे, मुदत संपलेलं चालत नाही. आणि केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी किंवा ईडब्ल्यूएस सर्टिफिकेट इथं देऊ नका, राज्याचा नमुना वेगळा आहे. अजून एक, दहावीच्या मार्कशीटवर नाव एक आणि आधारवर स्पेलिंग दुसरं असं असेल तर ते आत्ताच दुरुस्त करून घ्या.

प्रेफरन्स फॉर्म हा खरा मुद्दा. यादीत वरून खाली बघत जातात आणि तुमच्या मार्कांना जे पहिलं बसेल ते कॉलेज देऊन टाकतात. म्हणजे जे कॉलेज तुम्ही सहज, शेजारच्याने सांगितलं म्हणून वर टाकलं, तेच गळ्यात पडतं, आणि मग चार वर्षं प्लस इंटर्नशिप तिथंच. आत्तापर्यंत इंटर्नशिप सहा महिन्यांची होती, ॲलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सच्या नॅशनल कमिशनच्या २०२५ च्या नव्या अभ्यासक्रमात ती एक वर्षाची धरलीय, तुमच्या बॅचला कुठलं लागू आहे ते त्या वर्षीच्या पुस्तिकेत बघून घ्या. म्हणून यादी लॉक करायच्या आधी प्रत्येक कॉलेजच्या साइटवर जाऊन टीचिंग स्टाफची लिस्ट उघडा. विद्यापीठाची स्थानिक चौकशी समिती तपासणीला येते, त्यासाठीची माहिती कॉलेजं साइटवर टाकतात, त्यात शिक्षकांचं नाव, पद, डिग्री, जॉइनिंगची तारीख असं सगळं असतं. कंटाळवाणं पीडीएफ असतं पण तेच कामाचं.

ती लिस्ट वाचायची कशी ते सांगते. पहिल्या वर्षी ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री असतं, हे विषय बऱ्याच ठिकाणी मेडिकल कॉलेजचे शिक्षक येऊन शिकवतात, त्याची फार काळजी नको. खरा कस लागतो शेवटच्या वर्षाला. तेव्हा मस्क्युलोस्केलेटल (हाडं-सांधे-स्नायू), न्यूरो, कार्डिओव्हॅस्क्युलर-रेस्पिरेटरी (हृदय-फुफ्फुसं) आणि कम्युनिटी (गावात-वस्तीवर जाऊन करायचं काम) असे चार मोठे विषय असतात, आणि एमपीटीएच म्हणजे मास्टर्सच्या शाखाही साधारण ह्याच. तर लिस्टमध्ये प्रत्येक नावापुढे नुसतं एमपीटीएच आहे एवढं बघून थांबू नका, कशात एमपीटीएच ते बघा. चारही शाखांची माणसं आहेत का? की सगळेच मस्क्युलोस्केलेटलवाले आणि तेच कार्डिओपण ओढतायत?

हे मी एवढं का सांगते तर माझ्यावर बेतलंय. आमच्या शेवटच्या वर्षाला कार्डिओ-रेस्पिरेटरीच्या मॅडम वर्ष अर्ध्यात असताना सोडून गेल्या आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. मस्क्युलोस्केलेटलच्या सरांनी आम्हाला तो विषय शिकवला, मनापासून शिकवला, रात्री वाचून यायचे बिचारे, पण ते स्वतः आयसीयूत कधी काम केलेले नव्हते. परीक्षा पास झाले मी. इंटर्नशिपला पहिल्यांदा आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या पेशंटसमोर उभी राहिले तेव्हा मॉनिटरवरच्या कुठल्या आकड्याला हात थांबवायचा हेच मला कळेना, तिथल्या सीनियरने सगळं पहिल्यापासून शिकवलं. ते दोन आठवडे मी विसरलेली नाही. नोट्समधून छातीची फिजिओथेरपी येत नाही, ती ज्याने केलीय त्याच्या शेजारी उभं राहून येते.

याच्या उलट कम्युनिटीच्या मॅडम. त्या आधी बरीच वर्षं ग्रामीण भागात काम करून आलेल्या, ऊसतोडीच्या वस्त्यांवर जायच्या. वाकून काम करणाऱ्या बाईची कंबर का जाते आणि तिला 'वाकू नका' सांगून काहीच उपयोग का नाही, तिचं पोटच त्यावर आहे मग मोळी उचलताना काय बदलता येईल, हे त्यांनी वस्तीवर उभं राहून दाखवलं. पुस्तकात ते एका पॅराग्राफचं आहे. मी आजही पेशंटला व्यायाम सांगायच्या आधी तो दिवसभर काय काम करतो ते विचारते, ते त्यांच्यामुळे.

म्हणून डिग्रीनंतर बघायचं ते अनुभव कुठला आहे. नुसता शिकवण्याचा की पेशंटचापण? ओपीडीत कोण बसतं? नावापुढे सर्टिफिकेटांची रांग असेल तर ती पण जरा समजून घ्या. दोन दिवसांच्या टेपिंग वर्कशॉपचं सर्टिफिकेट आणि सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी आठवडेच्या आठवडे पेशंटबरोबर बसून केलेला एनडीटीचा कोर्स, हे दोन्ही एकाच ओळीत लिहिलेले असतात पण वजन एक नाही. मेटलँड, मलिगन ही मॅन्युअल थेरपीची नावं दिसली तर चांगलंच, पण ती हाडं-सांध्यांच्या बाजूची झाली, त्यावरून न्यूरोचं काही कळत नाही. पीएचडी लिहिलेली असेल तर शोधगंगा या पीएचडीच्या प्रबंधांच्या साइटवर नाव टाकून बघा, प्रबंध सापडला तर विषयपण कळतो. सगळेच प्रबंध तिथं असतात असं नाही, त्यामुळे नाही मिळाला म्हणून लगेच संशय घेऊ नका.

जॉइनिंगच्या तारखा मात्र जरूर बघा. अर्ध्याहून जास्त स्टाफ एकाच महिन्यात आलेला दिसला तर का ते विचारायचं. कॉलेज नवीन असेल तर ते साहजिकच आहे, पण दहा-पंधरा वर्षं जुन्या कॉलेजात तसं दिसलं तर माणसं टिकत नाहीत एवढं तरी नक्की.

मुंबईतलं केईएम, नायर, सायन किंवा नागपूरचं शासकीय मेडिकल, इथं शिक्षक आणि वॉर्ड एकाच आवारात असतात, सकाळी शिकवलेलं दुपारी पेशंटवर दिसतं, आणि फीपण कमी, म्हणून मार्क असतील तर ही यादीत वर टाकायला फार विचार करू नका. बाकीच्यांनी कॉलेजला जोडलेलं हॉस्पिटल कुठलं, किती लांब, आणि तिथं आपलेच शिक्षक जातात का हे विचारावं. प्रायव्हेटची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि त्यांच्या साइटवर कॉलेजवार दिसते, ऑफिसमध्ये सांगितलेला आकडा त्याच्याशी ताडून बघा.

जमलं तर यादी लॉक करायच्या आधी एकदा सकाळी दहाच्या सुमाराला कॉलेजच्या ओपीडीत जाऊन या, बाकड्यावर बसा. पेशंट किती येतायत, तपासतंय कोण, लिस्टमधले मॅडम-सर दिसतायत का, हे अर्ध्या तासात कळतं. फायनल इयरच्या मुलांना गाठून विचारा की कार्डिओला कोण आहे, न्यूरोला कोण आहे, ती मुलं खरं सांगतात.

भाचीचं काल हेच केलं. तिने दोन नंबरला टाकलेल्या कॉलेजात बिल्डिंग सुंदर, पण कार्डिओची जागा दीड वर्षं रिकामी आहे असं मुलांनीच सांगितलं, आणि पाच नंबरचं जुनं, साधंसं कॉलेज, तिथं चारही विषयांना त्या-त्या शाखेची माणसं आणि न्यूरोच्या मॅडम स्वतः स्ट्रोकच्या पेशंटला चालवत होत्या. घरी येऊन तिने दोघांचे नंबर बदलले. आता तिची नॉन-क्रीमीलेअरची पावती तेवढी यायची राहिलीय, सोमवारी परत तहसीलला जायचंय.