ॲम्प्लिफायर-स्पीकर घेण्याआधी : खोक्यावरचे आकडे कसे वाचायचे

आमच्याकडे येणाऱ्या मंडळींपैकी कुणी मोबाइलवर आलेख उघडून म्हणतं, "ह्याचं डिस्टॉर्शन ०.०००५ टक्के आहे, हाच पाहिजे." (डिस्टॉर्शन म्हणजे मूळ आवाजात यंत्राने केलेली भेसळ.) कुणी म्हणतं, "आकडे राहू द्या ओ, कानाला काय लागतंय ते बघू." दुकानात गर्दी असली की हे बोलणं अर्धवट राहतं, म्हणून लिहून छापलं.

आमचं मत असं, की मोजमापावरून ऐकू येणारा फरक सांगता येतो. मात्र कोणत्या वस्तूचं काय मोजलंय ते बघावं लागतं.

पीएमपीओ वॉटचा, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा, आकडा सोडूनच द्या. तो कसा मोजायचा याचा सर्वमान्य नियम नाही. आरएमएस वॉट, म्हणजे सलग देता येणारी ताकद, बघा, आणि सोबत स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक ताकद दिली की तो किती डेसिबल (आवाजाच्या पातळीचं माप) वाजतो ते. ८९ डेसिबलचा स्पीकर ५० वॉटवर जेवढा वाजतो, तेवढं वाजायला ८६ डेसिबलच्या स्पीकरला १०० वॉट लागतात.

डिस्टॉर्शनचं थोडं सविस्तर सांगायला हवं. ०.०१ टक्के म्हणजे मूळ आवाजाच्या ८० डेसिबल खाली. गाणं चालू असताना ते गाण्याखालीच झाकलं जातं. त्याहून खालच्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नका. पण टक्केवारी सारखी असूनही दोन ॲम्प्लिफायर वेगळे वाजू शकतात. मूळ सुराच्या दुप्पट कंपनसंख्येची भेसळ त्या सुरात मिसळून जाते, सातपट-नऊपटीची कानाला टोचते. पूर्वीच्या काही ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरमध्ये लाटेचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर आणि खालचा दुसरा हाताळायचा, आणि मध्ये सांध्यावर खाच पडायची. पूर्ण ताकदीवर मोजलं की आकडा सुरेख यायचा. रात्री हळू आवाजात अभंग लावला की स्वर खरबरीत. ऐकणाऱ्याची तक्रार रास्त होती, मोजमाप चुकीच्या ठिकाणी घेतलेलं होतं. म्हणून एका वॉटवरचं डिस्टॉर्शन किती, हे विचारा. आम्हालाही विचारा.

स्पीकरच्या बाबतीत मोजमापाचा मोठा आधार आहे. ध्वनिसंशोधक शॉन ऑलिव्ह यांनी २००४ साली ७० स्पीकरांची सर्व बाजूंनी घेतलेली मोजमापं आणि लोकांनी स्पीकर न बघता दिलेली पसंती ताडून पाहिली. सहसंबंध ०.८६ आला. पूर्ण जुळणी म्हणजे १. याउलट हाय-रेझोल्यूशन (सीडीपेक्षा जास्त बारकाईने नोंदवलेला) आवाज आणि तोच आवाज सीडीच्या दर्जातून (१६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ) काढलेला, यांतला फरक ओळखायची मेयर आणि मोरान यांची चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवूनही एवढीच आली असती. तेव्हा बजेट बेताचं असेल तर आधी स्पीकरवर खर्च करा.

आणि खोली! फरशी, उघड्या भिंती, बंद खिडक्या अशा खोलीत टाळी वाजवून बघा, आवाज घुमतो. बरेच जण भिंतीवर आपली सोलापुरी चादर टांगतात. तिने वरच्या पट्टीचा कर्कशपणा थोडा उतरतो, बेसचा घुमारा मात्र तसाच राहतो. १२ फुटांच्या खोलीत ४७-४८ हर्ट्झच्या आसपासचा आवाज समोरासमोरच्या भिंतींत अडकून फुगतो. त्याला उपाय स्पीकर आणि बसायची खुर्ची भिंतीपासून सरकवण्याचा. हा फुकट आहे, आधी तोच करा.

आमच्याकडे दोन ॲम्प्लिफायर ऐकवताना स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावून दोन्हींचं व्होल्टेज एक टक्क्याच्या आत जुळवतो. अर्ध्या डेसिबलने मोठं वाजणारं यंत्र "मोठं" न वाटता "चांगलं" वाटतं, आणि गिऱ्हाइकाची फसगत होते. मग दोन्हींवर कापड टाकून दहा वेळा आलटून पालटून लावतो. नऊ वेळा ओळखलंत तर तो निव्वळ योगायोग असण्याची शक्यता शंभरात एक. तसं झालं तर महागडं यंत्र जरूर घ्या. नाही ओळखता आलं, तर आम्हीच तुम्हाला स्वस्तातलं सुचवू.

रोज ऐकता ती चार-पाच गाणी पेनड्राइव्हमध्ये घेऊन या, आणि खोलीची लांबी-रुंदी-उंची चिठ्ठीवर लिहून आणा. सकाळी दुकान उघडताना आलात तर बरं, रस्त्यावर रिक्षांची वर्दळ कमी असते. ऐकण्याचे पैसे पडत नाहीत.