बाळंतपण कुठे? पहिल्या खेपेचा हिशेब वेगळा

घरी बाळंत होणं सुरक्षित आहे का, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. ही कितवी खेप आहे, हे आधी विचारावं लागतं.

इंग्लंडमध्ये जोखीम कमी असलेल्या सुमारे ६४ हजार बायकांच्या बाळंतपणांचा अभ्यास झाला. तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी बाळंतपण झालेल्या बायकांची बाळं घरी, सुईणींच्या प्रसूती केंद्रात किंवा डॉक्टरांच्या विभागात जवळपास सारखीच सुखरूप जन्मली. पहिलटकरणींनी घर निवडलं तेव्हा मात्र बाळाचा मृत्यू किंवा गंभीर इजा यांचं एकत्रित प्रमाण हजारी ९.३ होतं, डॉक्टरांच्या विभागात ५.३. सुईणींच्या केंद्रांत अशी लक्षणीय वाढ दिसली नाही, आणि सिझेरियनही कमी झाली. पहिल्या खेपेला म्हणूनच मला केंद्र उजवं वाटतं.

अशा केंद्रात प्रशिक्षित सुईण सोबत असते. कळ ओसरली की ती पोटावर छोटं डॉप्लर यंत्र टेकवून मिनिटभर बाळाचे ठोके ऐकते. सुरुवातीला दर पंधरा मिनिटांनी, बाळ खाली सरकू लागलं की दर पाच मिनिटांनी. बाळाचे ठोके सतत नोंदवणाऱ्या यंत्राला बाईला पट्ट्यांनी जखडावं लागत नाही. ती फिरते, ओणवी होते, पाण्यात बसते. अशा सतत चालणाऱ्या यंत्रामुळे नवजात बाळांना झटके येण्याचं प्रमाण घटतं हे खरं, पण बालमृत्यू कमी झाल्याचं दिसलेलं नाही. सिझेरियन मात्र वाढतात. वार पडताना रक्तस्राव वाढला, तर ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन सुईणीच्या हाताशी असतं.

तरीही काही जणींना हलवावंच लागतं. त्याच अभ्यासात घर निवडलेल्या पहिलटकरणींपैकी ४५ टक्के जणींना मोठ्या रुग्णालयात न्यावं लागलं. नंतरच्या खेपेच्या बायकांत हे प्रमाण १२ टक्के होतं. सर्वांत जास्त वेळा आढळलेलं कारण बाळंतपण रेंगाळणं हेच, जीवघेणी घाई क्वचित. पण हे आकडे सुईण, रुग्णवाहिका आणि रुग्णालय एकाच साखळीत असलेल्या देशातले आहेत. साखळी तुटकी असेल तिथे ते लागू करणं धोक्याचं आहे. बाईला निवड द्यायची तर आधी ही साखळी उभी करायला हवी, आणि ती सरकारची जबाबदारी आहे.

केंद्र निवडताना तीन गोष्टी विचाराव्यात: रुग्णवाहिका किती वेळात येते, कोणत्या रुग्णालयात नेतात, आणि माझी सुईण तिथे माझ्याबरोबर येते का.