उखळातून फिरणारी म्हातारी : बाबा यागाच्या बालकथेची पार्श्वभूमी

बाबा यागा हे नाव मराठी मुलाने पहिल्यांदा ऐकले, तर त्याच्या डोळ्यांसमोर बहुधा एखादा दाढीवाला बुवाच उभा राहील. रशियन भाषेत मात्र ‘बाबा’ म्हणजे बाई. तीही बहुतेक वेळा लग्न झालेली खेडवळ बाई किंवा म्हातारी. ‘यागा’ या शब्दाच्या व्युत्पत्तीबद्दल अभ्यासकांचे एकमत नाही, पण इतर स्लाव भाषांमधील त्याच्याशी जुळणाऱ्या शब्दांचे अर्थ भय, थरकाप, कजागपणा असे आहेत. ही म्हातारी घनदाट अरण्यात कोंबडीच्या पायांवर उभ्या असलेल्या झोपडीत राहते, तिचा एक पाय नुसत्या हाडाचा असतो, आणि प्रवासाला निघाली की ती उखळात बसते, मुसळाने ते हाकते व मागे उमटलेला माग झाडूने पुसत जाते. इतके वर्णन ऐकून तिला चेटकीण म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण मूळ कथांमध्ये जी बाबा यागा चुकल्यामाकल्या पोरांना भट्टीत घालायला निघते, तीच दुसऱ्या कथेत नायकाला न्हाऊमाखू घालते, जेवू घालते आणि पुढची वाट दाखवते. मुलांसाठी ही कथा नव्याने सांगताना सर्वांत आधी हरवते ते हे दुहेरीपण, आणि ते कसे हरवत गेले हे समजण्यासाठी कथेचा कागदावरचा प्रवास पाहावा लागतो.

तो प्रवास तसा अलीकडचा आहे. रशियन पंडित मिखाईल लोमोनोसोव्ह यांनी १७५५ च्या सुमारास रशियन व्याकरणाचे काम करताना स्लाव देवदेवतांची यादी करून त्यांच्यासमोर रोमन देवतांची नावे मांडली होती. त्या यादीत यागा बाबा आहे, पण तिच्यासमोर मांडायला रोमन नाव त्यांना सापडले नाही. त्याच शतकातील ‘लुबोक’ नावाच्या स्वस्त लाकडी ठशांच्या चित्रांमध्ये ती डुकरावर बसून मगरीशी लढताना दिसते. हे चित्र म्हणजे झार पीटर आणि त्याच्या पत्नीची टिंगल आहे, असा अर्थ पुढे लावला गेला. तो खरा असो वा नसो, त्या काळची बाबा यागा बालवाङ्मयातील पात्र नव्हती एवढे मात्र त्यावरून स्पष्ट दिसते.

तिला छापील पुस्तकात पक्की जागा मिळाली ती अलेक्झांडर अफानास्येव यांच्यामुळे. कायद्याचे शिक्षण घेतलेले अफानास्येव मॉस्कोत परराष्ट्र खात्याच्या दफ्तरखान्यात नोकरीला होते. खेडोपाडी हिंडून त्यांनी स्वतः टिपलेल्या कथा थोड्याच आहेत. त्यांचा मुख्य आधार होता रशियन भूगोल संस्थेच्या संग्रहातील हस्तलिखिते आणि कोशकार व्लादिमीर दाल यांनी सढळ हाताने दिलेला साठा. १८५५ ते १८६३ या काळात आठ भागांत त्यांनी सुमारे सहाशे कथा प्रसिद्ध केल्या. एकाच कथेची अनेक रूपे शेजारी शेजारी छापण्याची त्यांची पद्धत होती, त्यामुळे बाबा यागाही तेथे एकच एक नसून अनेक आहेत. हा संग्रह मुलांसाठी नव्हता. मुलांसाठी त्यांनी वेगळी निवड केली आणि ती १८७० मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे ‘मूळ कथेला हात लावू नये’ असे आज जे आग्रहाने सांगतात, त्यांनी हे लक्षात घ्यायला हवे की पहिली कात्री संग्राहकानेच चालवली होती. मधल्या काळात, १८६२ मध्ये, त्यांची सरकारी नोकरी गेली, पुढे ग्रंथसंग्रह विकण्याची पाळी आली, आणि १८७१ मध्ये क्षयाने त्यांचा मृत्यू झाला.

बालवाचकांसाठी सर्वाधिक वेळा सांगितली गेलेली बाबा यागाची कथा म्हणजे ‘सुंदर वासिलिसा’. ही कथा कोठे आणि कोणाच्या तोंडून टिपली गेली याची नोंद अफानास्येव यांच्या संग्रहात नाही, आणि तिची घडण इतकी घोटीव आहे की तिच्यावरून एखाद्या लेखकाचा हात फिरला असावा असे वाटत राहते. व्यापाऱ्याची मुलगी वासिलिसा आठ वर्षांची असताना तिची आई मरते; मरताना ती मुलीला एक बाहुली देते आणि सांगते, की ही कोणाला दाखवू नकोस, अडचण आली की हिला खाऊ घाल आणि हिचा सल्ला घे. पुढे सावत्र आई येते, तिच्या दोन मुली येतात, आणि एका रात्री घरातला दिवा मुद्दाम विझवून वासिलिसाला विस्तव आणायला बाबा यागाकडे पिटाळले जाते. वाटेत तिला एक पांढरा, एक तांबडा आणि एक काळा घोडेस्वार भेटतो. झोपडीचे कुंपण माणसांच्या हाडांचे, त्यावर कवट्या, आणि रात्र होताच त्या कवट्यांचे डोळे पेटतात.

आत गेल्यावर मात्र जे घडते ते युद्ध नव्हे, घरकाम आहे. अंगण झाडायचे, रांधायचे, कपडे धुवायचे, गहू निवडायचा, खसखशीतली माती वेचून काढायची. नाही जमले तर म्हातारी खाऊन टाकणार. बाहुली मदत करते. मग बाबा यागा विचारते, गप्प का, काही विचार. वासिलिसा फक्त तीन घोडेस्वारांबद्दल विचारते, आणि म्हातारी सांगते की ते माझा दिवस, माझा सूर्य आणि माझी रात्र. घराच्या आत जे हात हवेतून येऊन कामे करतात, त्यांच्याबद्दल मुलगी विचारत नाही, आणि बाबा यागा तिला शाबासकी देते, कारण आतल्या गोष्टी बाहेर गेलेल्या तिला खपत नाहीत. माझ्या मते संपूर्ण कथेचा कणा हा प्रसंग आहे. सूर्य आणि रात्र जिच्या चाकरीत आहेत ती साधी चेटकीण कशी असेल? ‘आईच्या आशीर्वादाने’ कामे उरकली हे ऐकताच ती मुलीला घराबाहेर काढते, पण रिकाम्या हाताने नाही. पेटत्या डोळ्यांची एक कवटी काठीवर लावून तिच्या हाती देते.

या प्रसंगांची मुळे कोठे असावीत याचे सर्वांत प्रभावी विवेचन रशियन लोककथा-अभ्यासक व्लादिमीर प्रॉप यांनी १९४६ च्या आपल्या ग्रंथात केले. त्यांच्या मते बाबा यागा ही मृतांच्या राज्याच्या वेशीवरची राखणदार आहे: हाडाचा पाय, झोपडीभर पसरलेले तिचे शरीर, छताला टेकलेले नाक ही सगळी प्रेताची लक्षणे, आणि तिच्या घरातील परीक्षा म्हणजे वयात येणाऱ्या मुलांच्या प्राचीन दीक्षाविधींची आठवण. पोरांना भट्टीत घालण्याच्या प्रसंगाचा संबंध आणखी एका प्रथेशी जोडला जातो. रशियात आणि युक्रेनमध्ये रोगट अर्भकाला पाव भाजण्याच्या फावड्यावर ठेवून कोमट भट्टीत क्षणभर सरकवत. मूल ‘नीट भाजले’ गेले की बरे होते, अशी समजूत होती. प्रॉप यांची मांडणी सर्वांना मान्य आहे असे नाही. तरीही त्यानंतर बाबा यागाला केवळ खलनायिका म्हणून रंगवणे हा अज्ञानाचा नव्हे, तर निवडीचा भाग ठरतो.

चित्रांनी आपली निवड त्याआधीच केली होती. इव्हान बिलिबिन या तरुण चित्रकाराने १८९९ पासून या कथांची चित्रे काढायला घेतली, आणि १९०१ ते १९०३ या काळात सहा पातळ, रंगीत पुस्तिका निघाल्या. वासिलिसाची पुस्तिका १९०२ ची. त्या छापल्या होत्या सरकारी कागदपत्रे आणि नोटा छापणाऱ्या छापखान्याने, म्हणून त्यातील रेषा इतक्या नेटक्या आणि रंग इतके स्वच्छ उतरले. रात्रीच्या जंगलात कवटी उंच धरून चालणारी वासिलिसा आज जगभर ओळखली जाते ती त्या चित्रामुळे.

१९१७ च्या क्रांतीनंतर परीकथांवरच संकट आले. १९२० च्या दशकात अनेक सोव्हिएत शिक्षणतज्ज्ञांना चेटकिणी, राजपुत्र आणि जादू या गोष्टी नव्या पिढीसाठी घातक वाटत होत्या, आणि वाचनालयांतून अशी पुस्तके काढलीही गेली. १९३४ च्या लेखक परिषदेत मॅक्सिम गॉर्की यांनी लोकसाहित्याची बाजू घेतली आणि वारे फिरले. १९३९ मध्ये अलेक्झांडर रोऊ यांच्या चित्रपटात बाबा यागा पडद्यावर आली. ती भूमिका केली गिओर्गी मिल्यार या पुरुष नटाने, आणि नंतरही तो ती अनेकदा करत राहिला. (मराठी मुलाच्या कल्पनेतला बुवा अगदीच चुकीचा नव्हता म्हणायचा.) मिल्यारची बाबा यागा कुरकुरी, खोडसाळ आणि हास्यास्पद आहे. भीती गेली, आणि भीतीबरोबर तिचा अधिकारही गेला.

मॉस्कोच्या प्रगती आणि पुढे रादुगा प्रकाशनाची स्वस्त, देखणी पुस्तके १९९१ पर्यंत मराठीतही येत होती, आणि रशियन लोककथांची गोडी इथल्या अनेक घरांत त्यांनीच लावली. मराठीत ही कथा सांगणाऱ्यापुढे शब्दाचा पेच उभा राहतो. हडळ आणि जखीण ही भुतांची नावे, त्यामुळे ती जुळत नाहीत. डाकीण हा शब्द तर वापरूच नये असे मला वाटते, कारण सातपुड्याच्या पट्ट्यात तो ठपका बसलेल्या जिवंत बायकांनी मारहाण आणि बहिष्कार भोगला आहे. चेटकीण त्यातल्या त्यात चालते, पण बालनाट्यांमुळे तिला एक विनोदी छटा चिकटली आहे. नुसते ‘म्हातारी’ म्हणणे मला अधिक जवळचे वाटते. उखळ, मुसळ आणि झाडू तर मराठी घरात आधीपासून आहेतच.

लहानांसाठीच्या आवृत्त्यांत शेवट सर्वांत जास्त बदलतो. मूळ कथेत कवटीचे डोळे सावत्र आईवर आणि तिच्या मुलींवर रोखले जातात, त्या जिथे लपतील तिथे त्यांचा पाठलाग करतात आणि सकाळपर्यंत त्यांचा कोळसा होतो. अनेक पुस्तकांत त्या नुसत्या पळून जातात. याहून आश्चर्याची गोष्ट अशी, की पुष्कळ आवृत्त्या तिथेच थांबतात, जणू कथा सुडाचीच होती. अफानास्येव यांच्या पाठात त्यानंतर बरेच काही आहे. वासिलिसा ती कवटी जमिनीत पुरते, घराला कुलूप लावून शहरात एका एकट्या म्हाताऱ्या बाईकडे राहायला जाते आणि बाहुलीने रातोरात बनवून दिलेल्या मागावर इतके तलम कापड विणते, की ते दोऱ्यासारखे सुईच्या नेढ्यातून ओवता यावे. त्या कापडाचे सदरे राजासाठी शिवायला कारागीर मिळत नाही, तेव्हा ते तीच शिवते. राजाशी लग्न झाल्यावर ती त्या म्हाताऱ्या बाईलाही वाड्यावर आणते, आणि बाहुली वासिलिसाच्या मरणापर्यंत तिच्या खिशात असते.