ऑपरेशनआधी नळी फिरवून घेऊ नका

"डॉक्टर, चवथ जवळ आली म्हणून एकदा नळी फिरवून घेतली." आकसलेली लघवीची वाट रुंद करायला आत नळी घालून घेतल्याचे हे बोलणे ऐकले की ऑपरेशनची तारीख पुढे ढकलण्यावाचून आमच्याकडे इलाज नसतो.

लघवीची वाट आकसते ती आतल्या जखमेच्या व्रणामुळे. कुणी होडीच्या काठावर घोड्यावर बसल्यासारखा आपटलेला असतो, कुणाला आजारपणात लघवीसाठी घालून ठेवलेली नळी, म्हणजे कॅथेटर, बाधतो. नळी फिरवली की व्रण ताणून फाटतो, काही दिवस धार सुटते आणि जखम भरताना वाट पुन्हा आवळते. मधल्या काळातल्या आरजीयूत, म्हणजे लघवीच्या वाटेत औषध सोडून काढलेल्या एक्स-रेत, लांब अडथळा आखूड दिसतो आणि त्यावर बेतलेले ऑपरेशन तोकडे पडते. म्हणून शेवटच्या नळीनंतर आम्ही ६ ते १२ आठवडे थांबतो. तेवढ्यात लघवी अडलीच तर बेंबीखालून थेट मूत्राशयात नळी घालतो. लोक तिला घाबरतात, पण मूत्रमार्गाला खरी विश्रांती तिनेच मिळते.

अडथळा २ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि पहिलाच असेल, तर दुर्बिणीने आतून छेद देणे आम्हीही सुचवतो. तो फसल्यावर पुन्हा पुन्हा तेच करण्यात पैसा जातो आणि व्रण वाढतो. आम्ही मोठ्या ऑपरेशनच्या मागे लागतो अशी तक्रार कानावर येते. पण पेडण्याहून, सत्तरीहून दर दोन महिन्यांनी हेलपाटे घालणारा माणूस आमच्याने पाहवत नाही.

मोठे ऑपरेशन म्हणजे युरेथ्रोप्लास्टी. आखूड व्रण कापून दोन्ही टोके जोडता येतात. लांब असेल तर गालाच्या आतले अस्तर लावून वाट रुंद करतात. ते अस्तर ओलाव्याला सरावलेले, बिनकेसांचे असते आणि तोंडाची जखम लवकर भरते. तपासताना आम्ही तोंड उघडायला लावतो ते यासाठीच. गुटख्याने गाल पांढरा, ताठ पडला असेल तर हे अस्तर कामाचे राहत नाही. तंबाखू आजच सोडा. ऑपरेशननंतर साधारण ३ आठवडे कॅथेटर राहतो. फारच बिघडलेल्या मार्गात वृषणांमागे नवी वाट काढतात. बसून लघवी करावी लागते, पण वयस्कांना ती पुष्कळदा सोयीची पडते.

येताना जुन्या एक्स-रेच्या फिल्म आणा, नुसता रिपोर्ट पुरत नाही. नवा आरजीयू लागला तर तो त्याच सकाळी इथेच काढतो. आणि कुणीही नळी फिरवण्याआधी आम्हाला एक फोन करा. लघवी पूर्ण अडली किंवा थंडी वाजून ताप भरला तर मात्र फोनवर वेळ घालवू नका, तडक या.