गुलामगिरीची भरपाई : मालकांना मिळाली, गुलामांची राहिली

अमेरिकेत गुलामगिरीच्या भरपाईचा विषय निघाला की ‘इतक्या वर्षांनी आता कशाला?’ असे हमखास विचारले जाते. वास्तविक त्या काळीच भरपाई दिली गेली होती, पण मालकांना. १६ एप्रिल १८६२ च्या कायद्याने राजधानी वॉशिंग्टनमधील गुलाम मुक्त झाले, तेव्हा यादवी युद्धात सरकारशी एकनिष्ठ असलेल्या मालकांना गुलामामागे ३०० डॉलरपर्यंत देण्याची तरतूद होती. ब्रिटनने १८३३ मध्ये गुलामगिरी रद्द करताना मालकांसाठी २ कोटी पौंड मंजूर केले. त्यासाठी काढलेल्या कर्जाचे शेवटचे रोखे २०१५ मध्ये फिटले.

मुक्त झालेल्यांना मिळणार होती जमीन. १२ जानेवारी १८६५ रोजी जॉर्जिया राज्यातील सव्हाना शहरात सरकारी फौजेचे जनरल शर्मन यांनी २० कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना बोलावले, तेव्हा त्यांच्या वतीने गॅरिसन फ्रेझियर यांनी स्वतः कसण्यासाठी जमीन मागितली. चारच दिवसांनी किनारपट्टीवर कुटुंबामागे ४० एकरांपर्यंत जमीन देण्याचा आदेश निघाला आणि सुमारे ४०,००० लोक तेथे वसले. मात्र लिंकन यांच्या हत्येनंतर अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सन यांनी बहुतेक जमीन जुन्या मळेवाल्यांना परत करायला लावली. हे सांगण्यासाठी मुक्त गुलामांसाठीच्या सरकारी खात्याचे प्रमुख जनरल हॉवर्ड ऑक्टोबरमध्ये साउथ कॅरोलिनातील एडिस्टो बेटावर गेले आणि ‘जुन्या मालकांना क्षमा करा’ अशी विनंती त्यांनी तेथे वसलेल्या मुक्त गुलामांना केली. तेथील रहिवाशांच्या समितीने लेखी उत्तर धाडले : ज्याने मला झाडाला बांधून ३९ फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला चाबकाने फोडून काढले आणि आता मला जमीन मिळू नये म्हणून जो इतरांशी संगनमत करतो, त्याला क्षमा करणे मला जमत नाही.

पुढची दरी कायद्यांनीच रुंदावली. १९३४ नंतर सरकारी हमीच्या गृहकर्जांतून कृष्णवर्णीय वस्त्या वगळल्या गेल्या आणि ज्या घरांतून गोऱ्या मध्यमवर्गाची पुंजी उभी राहिली, ती घरे कृष्णवर्णीयांच्या आवाक्याबाहेर राहिली. मजुरीतील फरक पगारवाढीने निदान काही अंशी भरून निघतो. वारशाने येणाऱ्या मालमत्तेचे तसे नसते. मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक (म्हणजे निम्म्या कुटुंबांची जिच्याहून जास्त आणि निम्म्यांची कमी, अशी) संपत्ती २,८५,००० डॉलर आणि कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९०० डॉलर भरली.

दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलेल्या जपानी वंशाच्या हयात नागरिकांना प्रत्येकी २०,००० डॉलर देण्याचा कायदा १९८८ मध्ये झाला. पुढच्याच वर्षी अमेरिकी संसदेचे कृष्णवर्णीय सदस्य जॉन कॉनयर्स यांनी गुलामगिरीच्या भरपाईसंबंधी विधेयक आणले. त्यात पैसा मागितलेला नव्हता, केवळ अभ्यास आयोग मागितला होता. तेही वारंवार मांडले गेले; २०२१ मध्ये प्रथमच संसदीय समितीतून पुढे सरकले, पण मंजूर झाले नाही.